ऑडिओबुक वाचायचंय? आधी खोली ऐका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्यंतरी तुमच्या पुरवणीत घरबसल्या करता येण्यासारख्या कामांवर एक पान आलं होतं. त्यात ऑडिओबुक निवेदनावर चार-पाच ओळी होत्या, आवाज चांगला असेल तर एक बरा माइक घ्या आणि सुरुवात करा, साधारण अशा अर्थाच्या. ते पान आल्यापासून ओळखीतल्या पाच-सहा जणांचे मला फोन आले आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "ताई, माइक कुठला घेऊ?" मी गेली सात वर्षं घरातल्या एका कोपऱ्यात बसून पुस्तकं वाचते, म्हणजे माइकसमोर वाचते, रेकॉर्ड करते, साफ करते आणि प्रकाशकाला पाठवते, त्यामुळे मला हे पत्र लिहावंसं वाटलं, कारण या प्रश्नापासून सुरुवात केली की माणूस आधी पैसे घालवतो आणि मग महिन्याभरात सगळं गुंडाळून ठेवतो, हे मी बऱ्याच जणांचं बघितलंय. या कामात आवाज लागतोच, पण आवाजाच्या आधी कान लागतो. आपली खोली ऐकणारा कान, आपली चूक ऐकणारा कान, आणि लेखकाचं वाक्य नक्की काय म्हणतंय ते ऐकणारा कान.

ज्यांना खरंच सुरुवात करायचीय त्यांनी एक रुपयाही न घालवता एक गोष्ट आज रात्री करून बघावी. ज्या खोलीत बसायचा विचार आहे तिथली दारं-खिडक्या लावायची, पंखा बंद करायचा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करायचं आणि एक मिनिट अजिबात काही न बोलता बसून राहायचं. मग तेच एक मिनिट हेडफोन लावून, आवाज मोठा करून ऐकायचं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं होतं की माझ्या खोलीत पूर्ण शांतता आहे. हेडफोनमध्ये भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आली, पलीकडच्या खोलीतल्या फ्रिजची घरघर आली, चार्जरमधून एक बारीक चूंऽऽ असा आवाज येत होता तो आला, आणि मी खुर्चीत जरा हलले तर खुर्ची करकरली तेसुद्धा. इतकी वर्षं त्या खोलीत राहून यातलं मला काहीच ऐकू आलं नव्हतं, कारण आपला मेंदू रोजचे आवाज गाळून टाकतो, माइक गाळत नाही.

यानंतर खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवायची. टाळीमागे झंकारल्यासारखं काही ऐकू आलं तर ते भिंतींवरून परत येणारं आहे आणि तुमच्या प्रत्येक शब्दामागे ते शेपटासारखं लागणार. समोरासमोरच्या दोन मोकळ्या भिंती, काच, फरशी, यांच्यामुळे हे होतं. आणि इथे लोक दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. खोलीतला प्रतिध्वनी मारणं वेगळं आणि बाहेरचा आवाज आत येऊ न देणं वेगळं. भिंतीला पातळ फोम चिकटवला की वरच्या पट्टीतला झंकार थोडा कमी होतो, पण रस्त्यावरचा ट्रक त्या फोमला मोजतसुद्धा नाही, तो थेट आत येतो. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत लागते, दाराखालची फट बुजवावी लागते. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवलेले फोटो लोक मला कौतुकाने पाठवतात, त्यांनी ना हे होतं ना ते.

भाड्याच्या घरात भिंत कोण जाड करणार, मग उपाय काय तर वेळ आणि जागा निवडणं. मी पहाटे साडेचारला उठून रेकॉर्ड करते, तेव्हा बाहेरची वर्दळ सुरू झालेली नसते. आणि जागा म्हणाल तर माझी पहिली दोन पुस्तकं कपड्यांच्या कपाटात वाचलेली आहेत, हे मी अगदी अभिमानाने सांगते. कपाटाचं दार उघडं, समोर टांगलेले जाड कपडे, पाठीमागे दोरीवर टाकलेली जाड रजई, खाली दुमडलेली गादी. आवाज कपड्यांत मुरतो आणि परत येत नाही. माझ्या तोंडासमोर आणि डोक्यामागे मऊ जाड काहीतरी हवं, एवढं एकच सूत्र मी धरलं होतं. फ्रिज मी रेकॉर्डिंगपुरता बंद ठेवते, आणि परत चालू करायला विसरू नये म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवते, म्हणजे तो उघडल्याशिवाय मला घराबाहेर पडताच येत नाही. ही युक्ती या कामातले बरेच लोक करतात.

आता थोडे आकडे, कारण या कामात 'बरं वाटतंय' यावर भागत नाही, मोजावं लागतं. ऑडिओबुक विकणाऱ्या ऑडिबल कंपनीच्या एसीएक्स या निवेदकांना काम मिळवून देणाऱ्या प्लॅटफॉर्मवर काम घ्यायची मुभा ठराविक देशांतल्या लोकांनाच आहे, पण त्यांचे तांत्रिक निकष उघडपणे लिहिलेले आहेत आणि सरावाला मोजपट्टी म्हणून उत्तम आहेत. वाचनाची सरासरी पातळी, जिला आरएमएस म्हणतात, ती उणे 23 ते उणे 18 डेसिबलच्या मध्ये हवी (शून्य ही रेकॉर्डिंगची कमाल पातळी, तिच्याखालचं सगळं उणे मोजतात). सगळ्यात मोठ्याने उच्चारलेला शब्दसुद्धा उणे 3 च्या वर जाता कामा नये. आणि कोणी बोलत नसताना खोलीचा जो आवाज उरतो तो उणे 60 डेसिबल किंवा त्याहून खाली हवा. फाइल 44.1 किलोहर्ट्झची, एमपी3, 192 केबीपीएस किंवा जास्त. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल, आणि एक फाइल 120 मिनिटांच्या आत. हे सगळं मोजायला ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर आहे, 2000 सालापासून फुकट मिळतं, आणि नवख्या माणसाला त्याच्यापलीकडे काही लागत नाही.

यातला उणे 60 चा आकडा घरून काम करणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळतो. माझी पहिली फाइल त्याच कारणाने परत आली होती. मग मी काय केलं तर सॉफ्टवेअरमधला नॉइज रिडक्शनचा, म्हणजे मागचा आवाज पुसायचा पर्याय भसाभस वापरला, आकडा बसला, पण आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा झाला, स आणि श यांची धार गेली, वाक्यांच्या शेवटी एक विचित्र खळखळ यायला लागली. फाइल पुन्हा परत. तेव्हापासून नियम केला की आवाज मागाहून साफ करायचा नाही, मुळात घाण होऊ द्यायचा नाही. लॅपटॉपचा पंखा फिरतो म्हणून लॅपटॉप दाराबाहेर, आत फक्त टॅब. कागदावरून वाचायचं नाही, पान उलटल्याचा आवाज येतोच. सुळसुळीत कपडे घालायचे नाहीत, हातातलं-कानातलं काढून ठेवायचं. उपाशीपोटी बसायचं नाही, कारण पोटातली गुरगुर माइक स्वच्छ टिपतो. पाणी मात्र भरपूर प्यायचं, आणि तेही बसायच्या तासभर आधीपासून, ऐन वेळी घोटभर पिऊन तोंडातली चटचट जात नाही.

माइकबद्दल सगळे विचारतात म्हणून लिहिते, पण थोडक्यात. कंडेन्सर माइक बारीक तपशील पकडतो, त्याला 48 व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे तारेतूनच येणारा वीजपुरवठा लागतो आणि त्यासाठी मध्ये ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारी पेटी लागते. खोली अजून वाईट असेल तर हाच माइक त्या खोलीचा वाईटपणासुद्धा बारकाईने पकडतो, आणि महागडा माइक तर जास्तच. डायनॅमिक माइक कमी पकडतो, तो खोलीला जरा सांभाळून घेतो. यूएसबी माइकने सुरुवात केली तर काही बिघडत नाही. अंतर एक वीत, माइक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता थोडा तिरका, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे तोंडातल्या हवेचा झोत अडवणारी जाळी. कान झाकणारे बंद हेडफोन. बस. याहून जास्त वेळ माइकवर घालवू नका, तो वेळ पुस्तकाला द्या.

पुस्तकाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण पुरवणीतल्या त्या ओळींमध्ये याचा उल्लेखच नव्हता. रेकॉर्डिंगला बसायच्या आधी पुस्तक पूर्ण, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं. हे मी कसं शिकले ते सांगते. माझ्या तिसऱ्या कादंबरीत एक म्हातारे हेडमास्तर होते, कडक शिस्तीचे, काटकुळे. मी त्यांना एक पातळ, तीक्ष्ण आवाज दिला, स्वतःवर खूश होते, अकरा प्रकरणं तशीच रेकॉर्ड केली, एडिट केली, तपासली. शेवटून दुसऱ्या प्रकरणात नायिका अंधारात जिन्यावर उभी असते, तिला कोणीतरी हाक मारतं, आणि लेखिकेने लिहिलं होतं की तो घोगरा, खर्जातला आवाज ऐकताच ती ओळखते की हे मास्तर. अख्खा प्रसंग त्या घोगऱ्या आवाजावर उभा. मी बसल्या बसल्या टॅब खाली ठेवला आणि किती तरी वेळ तशीच बसून राहिले. वाक्य बदलायचा अधिकार मला नाही, तो लेखिकेचा आहे. मग अकरा प्रकरणांतली मास्तरांची एकूणएक वाक्यं शोधून पुन्हा वाचली, आणि नुसती वाक्यं चिकटवून भागत नाही, मागचा-पुढचा श्वास, लय, पट्टी जुळावी लागते, त्यामुळे पुष्कळदा अख्खा परिच्छेद पुन्हा. त्यात माझे नऊ दिवस गेले. आता मी आधी पूर्ण वाचते, प्रत्येक पात्राबद्दल कुठे काय लिहिलंय त्याची वही करते, आणि प्रत्येक पात्राची दोन वाक्यं वेगळ्या फाइलमध्ये रेकॉर्ड करून ठेवते, म्हणजे पंधरा दिवसांनी ते पात्र परत आलं की ऐकून तोच आवाज पकडता येतो.

पात्रांचे आवाज काढणं म्हणजे नाटक करणंही नव्हे. बाईने पुरुषाचं वाक्य वाचताना घसा दाबून जाड आवाज काढला की ऐकणाऱ्याला त्या घशाचंच टेन्शन येतं. पट्टी जराशी खाली, गती जराशी बदललेली, शब्दांवरचा जोर वेगळा, एवढ्यावर ऐकणारा बरोबर ओळखतो. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं, इथे ऐकणारा एकटा असतो आणि तुम्ही थेट त्याच्या कानात बोलत असता, त्यामुळे रंगभूमीवरून किंवा सूत्रसंचालनातून आलेल्या चांगल्या चांगल्या लोकांना सुरुवातीला जड जातं. त्यांचं वाचन ऐकताना कोणीतरी व्यासपीठावरून बोलतंय असं वाटतं. माझा स्वतःचा उपाय असा की माइकच्या मागे एका मैत्रिणीचा चेहरा मनात आणायचा आणि तिलाच वाचून दाखवायचं.

मराठीत वाचणाऱ्यांसाठी काही गोष्टी तर कुठल्या परक्या भाषेतल्या व्हिडिओत सापडणार नाहीत. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि 'नाही' तर त्याच्याही नंतर. दम संपत आला की आवाज आपोआप खाली जातो आणि नेमका तो शेवटचा शब्द गिळला जातो. "त्या रात्री तो घरी परत आला नाही" यातला 'नाही' विरला की ऐकणाऱ्याच्या डोक्यात तो घरी आलेला असतो, आणि पुढची दहा पानं त्याला कळत नाही की सगळे रडतायत का. पहिल्या वर्षी माझं प्रूफ, म्हणजे तयार रेकॉर्डिंग चुका शोधायला ऐकणाऱ्या बाईंनी पाठवलेल्या चुकांच्या यादीत निम्म्या नोंदी 'शेवटचा शब्द बुडाला' अशाच होत्या. त्यावर उपाय श्वासाचा आहे, वाक्य कुठे संपणार ते डोळ्यांनी आधी बघून ठेवायचं आणि शेवटच्या तीन शब्दांपुरता दम राखायचा.

मग 'केले' आणि 'केलं'. लेखकाने 'तिने दार उघडले आणि ती म्हणाली' असं लिहिलंय आणि आपली जीभ 'उघडलं' म्हणते. प्रमाण लेखी रूप वाचायचं की बोली, हे पहिल्या दिवशी प्रकाशकाला विचारून ठरवून घ्यायचं, माझं मत असं की छापलंय तसं वाचावं आणि संवाद बोलीत असतील तर बोलीत. पण काहीही ठरवा, ते अख्ख्या पुस्तकभर एकच ठेवा, कारण एका परिच्छेदात 'उघडले' आणि पुढच्यात 'उघडलं' हे डोळ्यांना खपून जाईल, कानाला लगेच टोचतं. च आणि ज चे दोन दोन उच्चार, देवाचे 'चरण' आणि गाईचं 'चरणं', लिहायला एकच अक्षर. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च एक नाही हे आपल्याला माहीत असतं, पण थकल्यावर अनोळखी शब्दात किंवा आडनावात घात होतो. गावांची नावं, आडनावं, परभाषेतले शब्द यांची यादी करून लेखकाला फोन करून विचारायचं, लेखक आनंदाने सांगतात. आकडेही आधी नीट लिहून काढायचे, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी माइकसमोर बसून आठवायची गोष्ट नाही. आणि भ, फ, ख, थ हे महाप्राण, यांच्याबरोबर तोंडातून हवेचा झोत येतो आणि माइकवर धप्प असा आवाज होतो, 'भयंकर' 'फाटक' असे शब्द दिसले की मान अर्धा इंच वळवायची सवय मी लावून घेतली आहे.

वेळेचं गणित कोणी सांगत नाही म्हणून सांगते. ऐकणाऱ्याला जो एक तास मिळतो, त्याच्यामागे अनुभवी माणसाचे चार ते सहा तास जातात, रेकॉर्डिंग, एडिटिंग, तपासणी आणि दुरुस्त्या धरून. नवख्याचे दहासुद्धा जातात. म्हणजे दहा तासांची कादंबरी हे दोन रविवारचं काम नाही. चूक झाली की रेकॉर्डिंग न थांबवता टाळी वाजवायची, पडद्यावर तिथे उंच रेघ दिसते आणि नंतर शोधायला सोपं जातं, मी सुरुवात अशीच केली. पुढे पंच अँड रोल शिकले, म्हणजे चुकलं की दोन-चार सेकंद मागे जाऊन तो भाग ऐकायचा आणि तिथूनच वरून वाचत पुढे जायचं, त्यामुळे दिवसअखेर फाइल जवळजवळ स्वच्छ हातात येते. हे शिकल्यावर माझा एडिटिंगचा वेळ निम्म्यावर आला. आवाजाचंही तसंच, सलग दोन तासांवर मी बसत नाही, कारण पहिल्या पानाचा आवाज आणि साठाव्या पानाचा आवाज एकाच बाईचा वाटला पाहिजे. रोज बसायच्या आधी आदल्या दिवशीची शेवटची दोन मिनिटं ऐकायची. सर्दी झाली तर काम थांबवायचं आणि प्रकाशकाला तसं सरळ कळवायचं, नाकातलं एक प्रकरण पुस्तकात मध्येच आलं की ऐकणारा दचकतो.

पैशांबद्दल दोन गोष्टी. हे काम बहुतेक ठिकाणी तयार तासावर, म्हणजे ऐकणाऱ्याला मिळणाऱ्या तासावर मोजलं जातं, तुम्ही किती तास घालवले त्यावर नाही, तेव्हा दर ठरवताना वरचं गणित डोळ्यांसमोर ठेवा. काही जण आगाऊ काही न देता विक्रीतला वाटा देऊ करतात, तो घ्यावाच नाही असं मी म्हणत नाही, पण पुस्तक चालेल याची खात्री असल्याशिवाय घेऊ नका, कारण सगळी जोखीम तेव्हा तुमच्या घशावर असते. आणि नमुना म्हणून दोन ते पाच मिनिटं वाचून मागितली तर ती रीत आहे. पूर्ण प्रकरण फुकट मागणारे लोक दहा जणांकडून दहा प्रकरणं घेऊन पुस्तक पूर्ण करतात. माझ्या एका मैत्रिणीने तर काम मिळवून देतो म्हणणाऱ्या एका क्लासला चांगली मोठी फी भरली, सहा शनिवार गेले, शेवटी हातात एक प्रमाणपत्र आणि दोन मिनिटांचा डेमो, तोही मागे मोठं संगीत लावलेला, ज्यात तिचा आवाज धड ऐकूच येत नाही. ज्याला खरंच काम द्यायचंय तो तुमच्याकडून पैसे घेत नाही, देतो. आणि डेमोमध्ये संगीत नकोच, निवड करणाऱ्याला तुमचा आवाज आणि तुमची खोली ऐकायची असते.

करारात आता आणखी एक ओळ डोळे फाडून बघावी लागते. माझं रेकॉर्डिंग फक्त या पुस्तकासाठी वापरलं जाईल, यंत्राला शिकवायला किंवा माझ्या आवाजाची नक्कल तयार करायला वापरलं जाणार नाही, हे लेखी हवं. 'सर्व माध्यमांत, सर्व कारणांसाठी, कायमस्वरूपी' असे शब्द दिसले तर थांबून विचारा. मी विचारलंय, एकदा काम गेलं, दोनदा समोरच्यांनी ओळ बदलून दिली.

सरावासाठी लोक काय करतात तर आवडत्या लेखकाचं पुस्तक वाचून सरळ यूट्यूबवर टाकतात, प्रेमापोटीच टाकतात, पण ते लेखकाच्या हक्काचं आहे. लेखनहक्कांवरच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षं हक्क राहतात, बऱ्याच देशांत त्याहून जास्त. तेव्हा घरात सराव काहीही वाचून करा, बाहेर टाकताना हक्कमुक्त झालेलंच घ्या. 2005 साली सुरू झालेला लिब्रिवॉक्स हा स्वयंसेवकांचा उपक्रम त्यासाठी फार चांगला आहे, हक्कमुक्त पुस्तकं जगभरची माणसं घरून वाचतात आणि ती सगळ्यांना फुकट ऐकता येतात, तिथे पूर्ण पुस्तक घ्यायची सक्ती नाही, एक प्रकरण घेऊनही सुरुवात होते. मी तिथे चार प्रकरणं वाचली तेव्हा पहिल्यांदा कळलं की वाचून संपवणं आणि सोपवण्यालायक करणं यात किती अंतर आहे.

आणि एक गोष्ट त्या पानात यायलाच हवी होती असं मला फार वाटतं. ही पुस्तकं मुळात ज्यांच्यासाठी सुरू झाली ते लोक. एडिसनने 1877 मध्ये फोनोग्राफ, म्हणजे आवाज साठवून परत ऐकवणारं यंत्र केलं आणि त्याचा उपयोग काय काय होईल याची जी यादी पुढच्याच वर्षी दिली, तीत अंध माणसांसाठी बोलणारी पुस्तकं होती. ती प्रत्यक्षात यायला 1930 चं दशक उजाडलं, अमेरिकेत 1934 आणि ब्रिटनमध्ये 1935. ब्रिटनमध्ये तर पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांची गरज त्यामागे होती. तबकडीच्या एका बाजूवर अर्धा तासही मावायचा नाही, एका कादंबरीला तबकड्यांचा गठ्ठा लागायचा. 2013 मध्ये मराकेश करार झाला, त्यामुळे दृष्टिहीनांना वाचता येतील अशा रूपात पुस्तकं आणणं हक्कांच्या अडचणीतून बरंच मोकळं झालं. मी दर आठवड्याला अशा वाचकांसाठी बिनमोबदला एक तास वाचते. त्यातले एक काका, निवृत्त शिक्षक, चाळिशीत दृष्टी गेलेली, एकदा फोनवर म्हणाले, "ताई, पुस्तक छान झालंय. पण सातव्या प्रकरणात तुम्ही दमला होतात. बाईच्या मरणाचं वाचत होतात आणि तुमचं लक्ष घड्याळाकडे होतं." मी जुनी तारीख काढून बघितली. खरंच, ते प्रकरण मी त्या दिवशी दुसऱ्या कामाची मुदत सांभाळत रात्री साडेअकराला उरकलं होतं. एकही शब्द चुकला नव्हता, आकडे सगळे बसत होते, प्रूफमधूनही ते सुखरूप निघालं होतं. मी ते प्रकरण दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा वाचलं आणि त्यांना पाठवलं.

संपादक महोदय, जागेअभावी तुम्हाला पत्र कापावं लागेल याची कल्पना आहे. तसं झालं तर बाकी काहीही कापा, पण एक मिनिट गप्प बसून आपली खोली रेकॉर्ड करायची ती गोष्ट आणि करारातल्या त्या ओळीची गोष्ट तेवढी राहू द्या. आणि ज्या वाचकांना त्या पानामुळे माइक घ्यायची घाई झालीय त्यांनी आठ दिवस थांबावं, रोज फोनवर दहा मिनिटं वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः ऐकावं, पूर्ण, मध्ये न थांबवता. आठव्या दिवशीही नवव्या दिवसाचं पान वाचावंसं वाटत असेल तर मग माइक बघायला हरकत नाही.

आपली,
घरून पुस्तकं वाचणारी तुमची एक जुनी वाचक